समजेपर्यंत बसा

४ जानेवारी, रविवार, सकाळ

नवीन डायरी. ही कोणी वाचायची नाही. तसं घरात वाचायला कोणी नाहीच, पण नियम केलेला बरा.

या वर्षीचे संकल्प. लवकर उठणे. उभ्याने न जेवणे. इंग्रजीतला ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइस कायमचा निकालात काढणे. तिसऱ्याला फार तर पंधरा दिवस लागतील. क्लास गेल्या जूनपासून लावला आहे, पण तेव्हा मी मनावर घेतलं नव्हतं.

४ जानेवारी, संध्याकाळ

उठायला दहा वाजले. रविवार धरायचा नसतो.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, म्हातारपणी उपयोगी पडेल. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात. त्यावरून मी प्लास्टरचा जबडा ओततो, मेणात दात बसवतो, घासूनपुसून कवळी डॉक्टरांकडे धाडतो. पुढे ती कोणाच्या तोंडात जाते, ते मला दिसत नाही. गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसत असतील. रस्त्यात समोर आले तरी ते मला ओळखत नाहीत आणि मी त्यांना. याचं मला काही वाटत नाही.

गेल्या वर्षी मालकांनी टूम काढली की प्रत्येक कवळीबरोबर कार्डावर इंग्रजीत शेरा लिहायचा. मला लिहायचं होतं की चावा नीट बसतो का, ते डॉक्टरांनी पुन्हा बघावं. मी लिहिलं, 'डॉक्टर वॉज बिटन. प्लीज चेक.' डॉक्टर फोनवर इतके हसले की मालकांनी फोन स्पीकरवर टाकला. मी म्हटलं, अर्थ पोहोचला ना? मालक म्हणाले, क्लास लावा.

म्हणून क्लास. दुसरं काही कारण नाही.

६ जानेवारी, मंगळवार

क्लास ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या खोलीत भरतो. मंगळवार-शुक्रवार, सहा ते सात. खालून इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे खोली ऊबदार असते. भिंतीवर पाटी आहे: 'फी एकदाच. समजेपर्यंत बसा.' एका बॅचला एकच धडा. महिन्याच्या शेवटी परीक्षा. पास झालात तर पुढच्या धड्याच्या बॅचला, ती सोमवार-गुरुवारी असते. नापास झालात तर पुन्हा इथेच, फुकट. सर भला माणूस आहे. धंद्यात मार खाणार.

बाक लहान मुलांचे आहेत, दोघांना एक. माझ्या शेजारी चष्म्याच्या दुकानातल्या बाई बसतात. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवतात. वय माझ्याएवढंच, म्हणजे तरुणच. भाऊ-वहिनींकडे राहतात. माझ्याबरोबर जूनपासून नापास होत आहेत, बिचाऱ्या. दुकानात इंग्रजी कॅटलॉग वाचतात, माल चुकीचा आला तर परदेशी कंपनीला फोनवर इंग्रजीत झापतात, पण पेपरात वाक्यापुढे ॲक्टिव्हचा ए की पॅसिव्हचा पी लिहायची वेळ आली की पाटी कोरी. असतं एकेकाचं. मी त्यांना सांभाळून घेतो.

९ जानेवारी

आज बाईंना माझी युक्ती सांगितली. इतके दिवस कोणाला सांगितली नव्हती.

वाक्यातला माणूस धडपडत असेल तर ॲक्टिव्ह. निवांत असेल तर पॅसिव्ह. संपलं. 'द कॅट इज स्लीपिंग.' मांजर काय करतंय? काही नाही. पॅसिव्ह. 'द थीफ वॉज चेस्ड बाय द डॉग.' चोर जिवाच्या आकांताने पळतो आहे. याहून ॲक्टिव्ह माणूस दाखवा.

सरांची व्याख्या जरा लांबड लावणारी आहे. काम करणारा वाक्यात पुढे बसला तर ॲक्टिव्ह, ज्याच्यावर काम झालं तो पुढे बसला तर पॅसिव्ह. फिरून तेच. मी सोपं करतो एवढंच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, तुम्हाला खरंच असं वाटतं? मी म्हटलं, वाटायचा प्रश्न नाही, आहेच तसं. त्यांनी तोंडाला रुमाल लावला. डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढ्या वर्षांनी कोणीतरी नीट समजावलं की माणूस भरून येतोच.

११ जानेवारी, रविवार

उभ्याने जेवलो. खुर्च्या दोन आहेत, पण एकीवर कपडे असतात आणि दुसरीवर बसलं की समोर ती कपड्यांची खुर्ची दिसते. त्यापेक्षा ओटा बरा.

ताईचा फोन. दर रविवारी असतो. जेवलास का, झोपतोस का, हे घे, भाचा बोलतोय. भाचा म्हणाला, मामा हॅलो, मामा बाय. मग ताई म्हणाली, अरे, बोलायला एखादं माणूस असू दे रे. मी म्हटलं, दिवसभर तोंडांच्याच गराड्यात असतो. ती हसली नाही.

नवीन संकल्प: लॅबमध्ये प्लास्टरच्या जबड्यांशी बोलणे बंद. मी नुसतं 'काय, कसं काय' विचारतो, पण पाहणाऱ्याचा गैरसमज होतो. शुक्रवारी मालकांचा झाला.

३० जानेवारी

परीक्षेचा निकाल. मला वीसपैकी पाच. पेपर चुकीचा काढला होता. बाईंना चार.

गंमत म्हणजे दर महिन्याला त्या माझ्या एका मार्काने मागे असतात. सप्टेंबरात मला सात, त्यांना सहा. नोव्हेंबरात मला तीन, त्यांना दोन. पेपर लिहिताना माझ्यात डोकावतात, मी बघतो, काही बोलत नाही. आपल्यामुळे कोणाचं भलं होत असेल तर होऊ दे. एवढं बघूनही एक कमीच पडतो, त्याला मी तरी काय करणार?

क्लासनंतर बसस्टॉपपर्यंत बरोबर चालत गेलो. अलीकडे तसंच होतं. माझं घर उलट्या दिशेला आहे, पण चालणं तब्येतीला चांगलं. बाई मला कवळीवाले म्हणतात. म्हणाल्या, कवळीवाले, अभिनंदन, पाच म्हणजे वाढलेत की. मी म्हटलं, फेब्रुवारीत बघाच. बोलता बोलता त्यांची बस समोरून निघून गेली. मी ओरडलो, अहो, तुमची बस! त्या म्हणाल्या, हो का? गेली वाटतं.

मागच्या आठवड्यातही असंच झालं. चष्म्याच्या दुकानात काम करून नजर अधू, काय म्हणावं. एकदा हळूच सुचवायला हवं.

१३ फेब्रुवारी

आज बाईंनी विचारलं, पुढच्या बॅचला बाकावर कसं बसवतात हो? मी म्हटलं, तिकडे एकेकट्याच्या खुर्च्या आहेत, मी डोकावून आलोय. त्या म्हणाल्या, मग मला इथेच बरं आहे. घरी लवकर जाऊन तरी काय करू? दादा-वहिनी बोलत असतात, मी गेले की गप्प होतात. इथे तुम्ही असता, वेळ बरा जातो.

अभ्यासाची ओढ अशी नाहीच त्यांना.

नजरेचं सुचवलं. म्हटलं, एकदा डोळे तपासून घ्या, बस दिसत नाही तुम्हाला. त्या फुटपाथवर थांबल्या आणि इतक्या हसल्या की एका माणसाने वळून पाहिलं. मग म्हणाल्या, घेते तपासून. स्पष्ट सांगितलेलं कोणाला आवडत नाही, पण त्यांनी चांगल्या मनाने घेतलं.

घरी आलो. कपडे उचलून दुसरी खुर्ची मोकळी केली. उगीच. स्वच्छता असावी.

१७ फेब्रुवारी

लॅबमध्ये एक जबडा हातातून पडून फुटला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मालक म्हणाले, लक्ष कुठे आहे? लक्ष जागेवर होतं, जबडाच निसरडा होता. मी जबड्याला सॉरी म्हटलं. हे बोलण्यात धरत नाही.

२० फेब्रुवारी

गंभीर परिस्थिती. आज सरांनी सराव घेतला आणि मला जाणवलं की माझी आता पूर्ण तयारी झाली आहे. एकही वाक्य अडत नाही. बघितलं की कळतं, धडपड की निवांत. पुढच्या शुक्रवारी परीक्षा. मी पास होणार. अडवणारं कोणी नाही.

आणि पास झालो की सोमवार-गुरुवार. खुर्ची. बाई इथे, मंगळवार-शुक्रवार, या बाकावर. त्यांचं कसं होणार? कोणाच्या पेपरात डोकावतील? बस गेली तर कोण सांगेल?

दोन तास येरझाऱ्या घातल्या. खोली लहान असल्यामुळे बऱ्याच झाल्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. मी मुद्दाम नापास होणार.

पद्धत सोपी. जे बरोबर आहे, नेमकं त्याच्या उलट लिहायचं. शून्य नक्की. बाईंना कळू द्यायचं नाही, उपकार केल्यासारखं वाटेल. मी हे त्यांच्यासाठी करतो आहे.

माझ्यासाठीही करतो आहे. मला त्या बाकावर बसायला आवडतं. गुरुवार गेला की शुक्रवार येतो, या एका गोष्टीवर माझा आठवडा चालतो. हे एकदाच लिहितो. पुन्हा लिहिणार नाही.

ताईला फोनवर सांगितलं की एका माणसासाठी मी मोठा त्याग करतोय. ती म्हणाली, बाईमाणूस आहे का? मी म्हटलं, ग्रामर आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं एकदाचं. परीक्षेच्या सुरुवातीला सर म्हणाले, या वेळी सगळी फसवी वाक्यं घातली आहेत, वरवर बघणारा गोत्यात येईल. मला हसू आलं.

'ॲन ओल्ड मॅन सॅट ऑन द बेंच.' धडधडीत पॅसिव्ह. म्हातारा नुसता बसून आहे. मी मन घट्ट करून ए लिहिलं. 'द हाउस वॉज बिल्ट बाय फोर ब्रदर्स.' चार भाऊ घाम गाळून घर बांधताहेत, आणि मी लिहिलं पी. बरोबर उत्तर येत असताना चूक लिहायचं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

बाई नेहमीप्रमाणे डोकावल्या. मी कोपर आडवं धरलं. त्यांनी या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. मी छातीच टेकवली पेपरावर. त्याग झाकलेलाच बरा. शेवटी त्या पुढे बघून आपलं आपण लिहू लागल्या.

जाताना त्या भरभर चालल्या. बस मिळाली.

३ मार्च

मला सतरा.

वीसपैकी. पुन्हा लिहितो, सतरा. बाईंना चार.

सरांनी मला उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. म्हणाले, जूनपासून हा माणूस चिकाटीने बसला, शेवटी उजेड पडला. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यानंतर एक जास्तीची त्यांची ऐकू आली.

मी क्लास सुटल्यावर रीचेकिंग मागितलं. सर म्हणाले, पास झालेला माणूस रीचेकिंग मागतो हे मी पहिल्यांदाच बघतोय. पुन्हा तपासलं. अठरा निघाले.

खाली बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, अभ्यास केलात वाटतं. मला बोलला नाहीत. पेपरही झाकलात.

इथे सांगायला हवं होतं. पण टाळ्या अजून कानात होत्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यासाठी वाजवल्या. मी म्हटलं, हो, जरा मेहनत घेतली. मन लावलं की जमतं. तुम्हालाही जमेल.

त्या म्हणाल्या, हो, जमेल.

त्यांची बस अजून पार चौकात होती. त्यांना तिथूनच दिसली. हात करून थांबवली आणि चढल्या. नजर सुधारली आहे.

५ मार्च, गुरुवार

नवीन बॅच. डायरेक्ट-इनडायरेक्ट. एकेकट्याच्या खुर्च्या. खाली इस्त्री नाही, ही खोली जिन्याच्या दुसऱ्या बाजूला आहे, थंड आहे. माझ्या उजवीकडचा माणूस तासभर झोपला. तो ॲक्टिव्ह की पॅसिव्ह, हे मला कोणी विचारत नाही. मी तो धडा पास आहे.

सरांना विचारलं, मागे परत जाता येतं का? ते म्हणाले, समजलेलं परत न समजलेलं कसं होणार? मालक खूश आहेत. मी कार्डावर लिहिलं, 'टीथ आर रेडी.' ते म्हणाले, बघा, किती फरक पडला. मला कळलं नाही, हे बरोबर कसं आलं.

१० मार्च, मंगळवार

सहाला सहज तिकडून जात होतो. सरांना सहज भेटावं म्हणून वर गेलो. आमच्या बाकावर दोन नवीन माणसं होती. बाई नव्हत्या.

सर मला बाहेर घेऊन आले. म्हणाले, अहो, शुक्रवारी अजबच झालं. बाई आल्या आणि म्हणाल्या, माझी आत्ताच्या आत्ता तोंडी परीक्षा घ्या. त्यांनी वीसच्या वीस वाक्यं एका दमात सांगितली, प्रत्येकाच्या कारणासकट. माझी एक चूकही दाखवली. मग म्हणाल्या, सर, मला आता बसायचं नाही, आणि निघून गेल्या. पुढच्या बॅचलाही नाव घातलं नाही. मला एक सांगा, एवढं येत होतं तर त्या जूनपासून नापास कशा होत होत्या?

मी म्हटलं, पेपर अवघड असतात.

जिन्यात थांबावं लागलं. ते एक मार्क कमी. दर महिन्याला. बरोबर एक. माझे मार्क कमी झाले की त्यांचेही कमी. आणि ती बस. मला वाटलं होतं दिसत नाही.

डोकं धरून बसलो. ड्रायक्लीनरने विचारलं, कपडे आणलेत का? मी म्हटलं, नाही, सहज बसलोय.

१४ मार्च, शनिवार

चष्म्याच्या दुकानात गेलो. लॅबमधून अर्धी रजा काढली. रस्ताभर घोकत गेलो: मी मुद्दाम नापास व्हायला बसलो होतो, तुमच्यासाठी. वाक्य चांगलं होतं.

दुकानात आरसेच आरसे. सगळीकडे मी. बाई काउंटरच्या मागे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानामागे दांडी बसवून बघत होत्या. मला पाहून म्हणाल्या, काय दाखवू? जसं सगळ्यांना म्हणतात तसंच.

मी वाक्य म्हटलं.

त्यांनी काउंटरवरचं फडकं हातात घेतलं. म्हणाल्या, मुद्दाम नापास? आणि अठरा मार्क? थट्टा करायला एवढ्या लांब आलात? मी म्हटलं, थट्टा नाही हो, देवाशपथ. जे बरोबर वाटत होतं, त्याच्या उलट लिहिलं. प्रत्येक वेळी.

डोक्यात काहीतरी जुळवत असाव्यात. मग त्यांच्या तोंडाच्या कडेला ते हसू आलं, फुटपाथवरचं. म्हणाल्या, थांबा. म्हणजे मांजर, चोर, ती तुमची सगळी युक्ती... जूनपासून तुम्हाला जे जे बरोबर वाटत होतं, ते सगळं चूक होतं?

त्यांचे डोळे चमकत होते. त्या वाट बघत होत्या. म्हाताऱ्या गृहस्थांनीही मान वळवली. ते हसले. दात माझ्या हातचे होते, मी लगेच ओळखलं. त्यांच्यासमोर माझ्याने हो म्हणवेना.

मी म्हटलं, सगळंच असं नाही. काही वाक्यांच्या बाबतीत सरांशी माझे मतभेद आहेत.

बाईंनी फडक्याची घडी घातली. म्हणाल्या, बरं. आणि त्या गृहस्थांना विचारलं, कानाला टोचत नाही ना?

रिकाम्या हाताने बाहेर पडणं बरं दिसलं नसतं, म्हणून चष्म्याची दोरी घेतली. मला चष्मा नाही.

१५ मार्च, रविवार

त्यांना फक्त एक 'हो' हवा होता. मी हो म्हणालो असतो तर त्या हसल्या असत्या, आणि मग मीही हसलो असतो, आणि बहुतेक बसस्टॉपपर्यंत गेलो असतो.

आता तिकडे पुन्हा जायला तोंड नाही. पण तयारी असावी. सकाळपासून आरशासमोर उभा राहून म्हणतो आहे. हो. हो, सगळं चूक होतं. पहिल्यांदा प्रत्येक 'हो'च्या मागून 'पण' येत होतं. दुपारपर्यंत चांगलं जमायला लागलं. ओळीने कितीही वेळा म्हणू शकतो.

संध्याकाळी फोन वाजला. मी धावत जाऊन उचलला आणि तिकडून कोणी काही बोलायच्या आत म्हटलं, हो.

ताई होती. म्हणाली, अरे, मी अजून काही विचारलंच नाही.